हिरड्या मागे सरकल्यावर : काय परत येते आणि काय थांबवता येते

नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या 43 वर्षांच्या एका शिक्षिकेचा प्रश्न असा आहे. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांच्या वरच्या डाव्या सुळ्याची आणि त्यामागच्या दोन उपदाढांची हिरडी वर सरकली असून ते दात लांब दिसू लागले आहेत. खालच्या पुढच्या दोन दातांची हिरडीही उतरली आहे. थंड पाणी लागले की कळ जाते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी दात साफ करून घेतले आणि तेव्हापासून हिरड्या आणखी मागे गेल्यासारख्या वाटतात. एका दंतवैद्यांनी टाळूतून कलम घेऊन शस्त्रक्रिया करण्यास सांगितले, दुसऱ्यांनी तूर्त काही करू नका असे सांगितले, शेजारच्या काकूंनी तिळाच्या तेलाच्या गुळण्या सुचवल्या आणि मोबाइलवर हिरड्या पुन्हा वाढवणाऱ्या एका तेलाची जाहिरात वारंवार दिसते. त्यांच्या आईने आयुष्यभर मिश्री लावली आणि साठीच्या आतच त्यांचे सगळे दात गेले. आपलेही तसेच होणार का, कोणता उपाय खरा, आणि 14 वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा लावायच्या आहेत तर तिच्या हिरड्यांची काय काळजी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, आपण ज्या उत्तराची वाट पाहत असाल ते आधी स्पष्ट सांगतो. दाताच्या मुळावरून एकदा खाली उतरलेली हिरडी कोणत्याही तेलाने, मंजनाने, मलमाने, गोळीने किंवा गुळणीने परत आपल्या जागी येत नाही. मात्र हिरडी सरकण्याची क्रिया बहुतेक रुग्णांमध्ये थांबवता येते, उघड्या मुळाची कळ बऱ्याच अंशी घालवता येते, आणि काही दातांवर, सगळ्या नव्हे, शस्त्रक्रियेने हिरडी पुन्हा वर आणून मूळ झाकता येते. आपल्याला भेटलेल्या दोन दंतवैद्यांची मते परस्परविरोधी वाटत असली, तरी दोघांचेही बरोबर असू शकते. मूळ झाकता येईल का, या प्रश्नाचे उत्तर एकाने दिले असावे, आणि ते आजच झाकणे गरजेचे आहे का, या प्रश्नाचे दुसऱ्याने. माझ्या मते या दोन्हींच्या आधी एक तिसरा प्रश्न येतो : हिरडी का सरकली, आणि ते कारण आजही चालू आहे का?

कारण समजण्यासाठी थोडी रचना माहीत हवी. दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यावर एनॅमलचे कठीण आवरण असते आणि ते हिरडीच्या कडेपाशी संपते. त्याखालचे मूळ हाडात रोवलेले असते, त्यावर एनॅमल नसते, आणि ते एनॅमलपेक्षा बरेच मऊ व पिवळसर असते. हिरडी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. ती खालच्या हाडाच्या आधाराने राहते. ज्या दाताच्या बाहेरच्या बाजूचे हाड कागदासारखे पातळ आहे किंवा एखाद्या ठिकाणी नाहीच, तेथे हिरडीला थोडा जरी त्रास झाला तरी ती उतरते. सुळे, उपदाढा आणि खालचे पुढचे दात हे नेमके असे दात आहेत. त्यामुळे आपल्या तोंडात हिरडी जेथे सरकली आहे त्या जागा मला अनपेक्षित वाटल्या नाहीत.

आता वरच्या डाव्या बाजूविषयी. आपण उजव्या हाताने ब्रश करत असणार, असा माझा अंदाज आहे. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्याचा जोर डावीकडच्या सुळ्यावर आणि उपदाढांवर सर्वांत जास्त पडतो, कारण जबड्याच्या वळणावरचे हे दात किंचित बाहेर आलेले असतात आणि बहुतेकांची सुरुवातही तेथूनच होते, म्हणजे हात ताजा असताना. आरशासमोर उभे राहून दिव्याच्या उजेडात त्या दातांकडे पाहा. हिरडी गुलाबी आणि घट्ट असेल, तिला सूज नसेल, रक्त येत नसेल, आणि उघड्या मुळावर नख फिरवल्यास आडवी खाच लागत असेल, तर पायरियापेक्षा ब्रशच्या घासणीचा संशय अधिक घ्यावा. मी नाशिकमध्ये 24 वर्षे हिरड्यांचे रुग्ण पाहत आहे, आणि अशा खाचा घेऊन येणारे लोक बहुधा आळशी नसतात. ते दातांची फार काळजी घेणारे, दोन वेळा न चुकता, मनापासून आणि जोर लावून घासणारे लोक असतात. लहानपणी राखुंडीने, मिठाने किंवा गेरू घातलेल्या लाल मंजनाने बोट दाबून घासल्याशिवाय दात स्वच्छ होत नाहीत, असे आपल्या घराघरांत शिकवले गेले. ती सवय ब्रश हातात आल्यावरही सुटली नाही, हे मला अनेकदा जाणवते.

खालच्या पुढच्या दातांची गोष्ट वेगळी असू शकते. तेथे जिभेच्या बाजूला लाळग्रंथीची तोंडे उघडतात, लाळेतील क्षार साचतात आणि किटण सर्वांत लवकर तेथेच बसते. किटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर जंतूंचा थर चिकटून राहतो, त्याने हिरडी सुजते, आणि आतले हाड पातळ असल्याने सुजेसोबत ते झिजत जाते. याखेरीज खालच्या ओठाची आतली दोरी काही जणांमध्ये हिरडीच्या अगदी कडेला जोडलेली असते, त्यामुळे ओठ हलला की हिरडी ओढली जाते आणि तेथे ब्रशही नीट पोहोचत नाही. ओठ हलकेच पुढे ओढून पाहिल्यावर हिरडीची कड पांढरी पडते किंवा हलते का, हे दंतवैद्य क्षणात सांगू शकतात. एकाच तोंडात दोन ठिकाणी दोन कारणे असणे अगदी सामान्य आहे, म्हणून सर्व दातांवर एकच उपाय करायला सांगणाऱ्याला थोडे थांबवून विचारावे.

आईंच्या बाबतीत आपली भीती मी समजू शकतो. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच आहे, आणि ती दिवसातून दोन-तीन वेळा बोटाने हिरड्यांवर चोळल्यावर दोन आघात एकदम होतात : घासणीचा आणि तंबाखूचा. तंबाखूमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे आत रोग वाढत असतानाही रक्त येत नाही आणि सूज दिसत नाही, आणि दात हलू लागेपर्यंत माणसाला आपल्या हिरड्या उत्तम आहेत असेच वाटत राहते. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतून येणाऱ्या वयस्कर बायका "आमच्या दातांतून कधी रक्त आलं नाही" असे अभिमानाने सांगतात, आणि क्ष-किरण चित्रात मात्र अर्धे हाड गेलेले दिसते. मंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर 1992 पासून देशात बंदी आहे, परंतु घरी भाजलेली मिश्री त्या बंदीच्या कक्षेबाहेरच राहिली. आपण मिश्री लावत नाही, म्हणजे आईंच्या आजाराचे सर्वांत मोठे कारण आपल्याकडे नाही. पायरियाची काहीशी आनुवंशिक प्रवृत्ती असते हे खरे आहे, म्हणून आईंचा इतिहास तपासणीच्या वेळी अवश्य सांगावा. पण तो सांगणे म्हणजे तीच नियती स्वीकारणे नव्हे.

दात साफ केल्यानंतर हिरड्या आणखी मागे गेल्यासारख्या वाटतात, या तक्रारीवर थोडे जास्त लिहितो, कारण याच एका गैरसमजामुळे अनेक लोक उपचार अर्ध्यावर सोडतात. "दात साफ केले की दात हलतात, फटी पडतात, म्हणून करू नयेत," हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. प्रत्यक्षात काय घडते, ते असे. सुजलेली हिरडी फुगून दातावर चढलेली असते, आणि दातांमधल्या रिकाम्या जागेत किटणाची भिंत उभी असते. किटण काढल्यावर भिंत जाते, तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, आणि हिरडी जेथे हाड आहे तेथे येऊन स्थिरावते. म्हणजे हाड आधीच गेलेले होते. सूज आणि किटण यांनी ते झाकून ठेवले होते. त्यानंतर दिसणारी फट आणि लागणारी थंडी खरी असते, त्रासदायकही असते, पण ती आजार उघडा पडल्याची खूण आहे. उपचार करणाऱ्याने हे रुग्णाला आधी सांगायला हवे. आपल्याला ते सांगितले गेले नसेल तर ती उणीव उपचार करणाऱ्याची आहे, आपली नाही.

आता तपासणी. पुढच्या भेटीत दंतवैद्यांना दोन आकडे मोजून लिहून देण्याची विनंती करा. पहिला आकडा, प्रत्येक दाताची हिरडी एनॅमलच्या कडेपासून किती मिलिमीटर खाली आहे. दुसरा, हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेची खोली किती आहे. ही खोली बारीक, खुणा केलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर खोली निरोगी समजली जाते; 4 किंवा त्याहून अधिक खोली आणि सोबत रक्त, म्हणजे तेथे पायरिया चालू असण्याची शक्यता आहे. हे आकडे नसतील तर सहा महिन्यांनी हिरडी आणखी सरकली की तेथेच राहिली, हे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. आपण घरीही एक गोष्ट करू शकता : ओठ बाजूला ओढून, दर सहा महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढून ठेवा. मी अनेक रुग्णांना हे करायला लावतो आणि ते फोटो पाहून रुग्णांची निम्मी भीती कमी होते, कारण बहुतेक वेळा दोन फोटोंत काही फरकच नसतो. सोबत साखरेची तपासणी, विशेषतः तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी, केलेली नसेल तर करून घ्यावी. ताब्यात नसलेला मधुमेह हिरड्यांचा आजार वाढवतो आणि हिरड्यांचा आजार साखर ताब्यात येऊ देत नाही, अशी ही दुहेरी गाठ आहे.

घरी करावयाच्या गोष्टींत पहिले स्थान ब्रशला आहे, आणि माझा अनुभव असा की सर्वांत जास्त फायदाही येथेच होतो. मऊ किंवा अतिमऊ केसांचा ब्रश घ्यावा. तो मुठीत न धरता पेन धरतो तसा बोटांत धरावा, कारण त्या पकडीत जोर लावताच येत नाही. ब्रशचे केस अर्धे हिरडीवर आणि अर्धे दातावर असे तिरके टेकवावेत, जागच्या जागी हलके थरथरवावेत, आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवत आणावेत : वरच्या दातांना वरून खाली, खालच्या दातांना खालून वर. आडवे, करवतीसारखे मागे-पुढे घासणे पूर्ण बंद करावे. सुरुवात ज्या डाव्या बाजूपासून करता ती बदलून उजव्या दाढांच्या आतल्या बाजूपासून करावी, म्हणजे नाजूक जागेपर्यंत पोहोचेतो हाताचा जोर ओसरलेला असतो. ही सूचना मी माझ्याच रुग्णांकडून शिकलो. महिन्याभरातच ब्रशचे केस फाकलेले दिसले तर जोर अजून कमी झालेला नाही, असे समजावे. पट्टीभर पेस्टची गरज नसते, वाटाण्याएवढी पुरे. पेस्ट फ्लोराइड असलेली घ्यावी, कारण उघडे मूळ किडीला लवकर बळी पडते. दात पांढरे करणाऱ्या, कोळशाच्या किंवा खरखरीत पेस्ट आणि सर्व प्रकारची कोरडी मंजने बंद करावीत. जेथे दोन दातांमध्ये फट पडली आहे तेथे दोरा पुरत नाही. बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे इवलेसे दातांमधले ब्रश मिळतात, त्यांचे माप दंतवैद्यांकडून ठरवून घ्यावे आणि रात्री एकदा वापरावेत.

थंडीची कळ का जाते, हे समजले तर उपायही समजतो. मुळात हजारो सूक्ष्म नलिका असतात, त्यांत द्रव असतो, आणि थंड लागल्यावर तो द्रव हलून आतल्या नसेला डिवचतो. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला आणि नळाचे पाणी गार झाले की माझ्याकडे अशा तक्रारी वाढतात. या नलिकांची तोंडे बंद करणे किंवा नसेची संवेदना शांत करणे, हे दोनच मार्ग आहेत. 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट नस शांत करते. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असलेल्या पेस्ट नलिकांची तोंडे बुजवतात. यांपैकी कोणतीही पेस्ट चार दिवसांत गुण देत नाही. दोन ते चार आठवडे रोज दोनदा वापरल्यावरच तिच्याविषयी मत बनवावे. रात्री ब्रश झाल्यावर त्याच पेस्टचा कण बोटाने उघड्या मुळावर लावून तसाच ठेवला, तर अनेकांना अधिक फरक पडतो. एवढ्याने भागले नाही तर दवाखान्यात फ्लोराइडचे वार्निश लावता येते. खाच खोल असेल तर दातरंगाचे सिमेंट किंवा कंपोझिट भरून ती बुजवतात. त्याने कळ थांबते आणि खाच आणखी वाढत नाही. मात्र शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर खाच किती आणि कोठपर्यंत भरायची, हे आधी हिरड्यांच्या तज्ज्ञांना विचारून ठरवावे.

आंबटाविषयी एक सूचना नाशिककरांना खास द्यावीशी वाटते. द्राक्षांच्या हंगामात घरात पेटीच आलेली असते आणि दिवसभर येता-जाता घोस तोंडात जातो. द्राक्षे, चिंच, कैरी, लिंबू-सरबत यांच्या आम्लाने उघडे मूळ एनॅमलपेक्षा लवकर मऊ पडते. हे पदार्थ सोडण्याची गरज नाही. ते जेवणासोबत एकदाच खावेत, खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास ब्रश करू नये. मऊ पडलेल्या मुळावर लगेच ब्रश फिरवला की तोच थर घासून निघतो.

आता शेजारच्या काकूंच्या तेलाबद्दल. गंडूष आणि कवल म्हणजे तोंडात तेल धरण्याची आणि खुळखुळवण्याची पद्धत आयुर्वेदात जुनी आहे, आणि दातांच्या मुळांशी होणारे पंधरा रोग सुश्रुतांनी वेगळे काढून सांगितले, त्यांत हिरडीतून रक्त येणारा, हिरडी मऊ पडून झडणारा शीतादही आहे. आपल्या पूर्वजांनी हा आजार इतक्या बारकाईने पाहिला होता याचा मला आदर वाटतो. तिळाच्या किंवा खोबरेल तेलाने सकाळी गुळणी केल्यास तोंड कोरडे पडत नाही, जंतूंचा थर काहीसा कमी होतो, आणि ती केल्याने नुकसान नाही, एवढे मी नक्की सांगतो. पण त्याने हिरडी वर चढत नाही, आणि ब्रशची जागा तेल घेऊ शकत नाही. कोमट मिठाच्या पाण्याने सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. तीही तात्पुरती मदत आहे. हळदीचा लेप हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण तो चोळू नये. लवंगेचे तेल मात्र कापसावर घेऊन थेट हिरडीवर ठेवू नका. ते हिरडी भाजते, आणि भाजून पांढरी पडलेली हिरडी घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तुरटी, मीठ आणि कोळसा घासणे तर आपल्या बाबतीत उलटेच काम करील. मोबाइलवरच्या जाहिरातीतील तेलाविषयी एवढेच सांगतो की हिरडी परत आणण्यासाठी तिच्याखाली पेशींना चिकटायला जागा आणि रक्तपुरवठा लागतो, आणि वरून लावलेला थेंब यांपैकी काहीच देऊ शकत नाही. क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हिरड्यांतून रक्त येते हे खरे असले, तरी पुरेसा पेरू, आवळा, लिंबू खाणाऱ्या माणसाने त्याच्या गोळ्या घेतल्याने हिरडी वाढत नाही. क्लोरहेक्सिडिनचे औषधी गुळणीचे पाणी दंतवैद्यांनी सांगितल्यास दोन आठवड्यांपर्यंतच वापरावे. त्यापुढे दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही बदलते.

आता शस्त्रक्रियेकडे येतो. मूळ झाकले जाईल की नाही, हे सर्वांत जास्त एका गोष्टीवर ठरते : दोन दातांमधले हाड आणि तेथली त्रिकोणी हिरडी शाबूत आहे का. 1985 मध्ये हिरड्यांचे तज्ज्ञ मिलर यांनी यावरून चार वर्ग केले होते. 2011 मध्ये इटलीतील हिरड्यांचे तज्ज्ञ कैरो यांनी त्याचे तीन सोपे प्रकार केले आणि शिकागो येथे 2017 साली झालेल्या जागतिक कार्यशाळेनंतर आता तीच वर्गवारी वापरली जाते. पहिल्या प्रकारात दातांमधली हिरडी अजिबात गेलेली नसते आणि मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. दुसऱ्या प्रकारात ती काही प्रमाणात गेलेली असते, तेथे बहुधा अंशतः मूळ झाकले जाते. तिसऱ्या प्रकारात दातांमधले हाड समोरच्या हाडाहूनही जास्त गेलेले असते, तेथे पूर्ण मूळ झाकण्याचे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ब्रशमुळे सरकलेली आपली वरची डावी बाजू बहुधा पहिल्या प्रकारात बसेल. खालचे दात तपासल्याशिवाय सांगता येणार नाहीत.

यातली सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे टाळूच्या त्वचेखालचा जोडऊतक थर काढून तो उघड्या मुळावर ठेवणे आणि त्यावर तेथलीच हिरडी ओढून शिवणे. लँगर यांनी ही पद्धत 1985 मध्ये मांडली आणि अजूनही तुलना तिच्याशीच केली जाते. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदार काकांना हे समजावताना मला सोपे शब्द सापडत नव्हते, तेव्हा तेच म्हणाले, "म्हणजे डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतो तसंच ना, रस चढला तर जगलं." डॉगरिज म्हणजे ज्यावर द्राक्षाचे कलम बांधतात तो खुंट, आणि हेही अगदी तसेच आहे. कलम खालच्या आणि वरच्या ऊतीतून रक्त मिळेपर्यंत पहिल्या काही दिवसांत हलले, तर ते जगत नाही. म्हणून दहा ते चौदा दिवस टाके असेपर्यंत त्या जागी ब्रश लावायचा नसतो, ओठ ओढून पाहायचा नसतो, गरम आणि तिखट टाळायचे असते. टाळूची जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. अंतिम निकाल मात्र सहा महिन्यांनी पाहावा. तंबाखू किंवा धूम्रपान चालू असेल तर निकाल स्पष्टपणे उणा येतो. त्या काकांनी ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वीच शस्त्रक्रिया उरकून घेतली, कारण त्यानंतर काढणीपर्यंत त्यांना दवाखान्यात येणे जमले नसते. आपणही परीक्षेचे पेपर तपासण्याचे दिवस टाळून तारीख घ्यावी. टाळूतून थर घ्यायचा नसल्यास कोलॅजनची जाळी किंवा आपल्याच रक्तापासून बनवलेला फायब्रिनचा थर वापरतात. फ्रान्समध्ये 2001 साली पुढे आलेला हा फायब्रिनचा थर आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. जखम लवकर भरायला त्याची मदत होते, पण हिरडीची जाडी वाढवण्यात तो टाळूच्या कलमाची बरोबरी करतो असे मी म्हणणार नाही. टाके न घालता छोट्या छिद्रातून हिरडी सरकवण्याची पद्धतही योग्य रुग्णांत चांगली आहे. ती सर्वांसाठी नाही. लेझरने हिरडी वाढते, असे कोणी सांगितल्यास मात्र मानू नका.

येथे माझीच एक चूक सांगतो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका तरुणाच्या सुळ्यावर कलम केले. मूळ पूर्ण झाकले गेले, त्याला आणि मलाही फार समाधान वाटले. तो ब्रश कसा करतो हे मी तोंडी विचारले होते, प्रत्यक्ष पाहिले नव्हते. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा तेच मूळ पुन्हा उघडे पडत होते, आणि हातात ब्रश देऊन घासायला सांगितल्यावर त्याने कठीण ब्रश मुठीत धरून आडवा चालवला. त्याच्या टाळूतली जखम मी व्यर्थ घालवली, याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर निदान तीन महिने ब्रशची पद्धत बदललेली पाहिल्याशिवाय मी कलमाची तारीख देत नाही. म्हणून आपल्यालाही हेच सुचवतो : आज शस्त्रक्रिया ठरवू नका. तीन महिने वरील पद्धतीने ब्रश करा, साफ केलेल्या हिरड्या स्थिरावू द्या, आकडे पुन्हा मोजून घ्या. त्यानंतर मूळ आणखी उघडे पडत असेल, कळ पेस्टने थांबत नसेल, हिरडी इतकी पातळ असेल की ब्रश लागताच दुखते, किंवा हसताना दिसणारी लांबी आपल्याला खरोखर खटकत असेल, तर कलम करून घेणे योग्य आहे. दिसण्याचे कारण क्षुल्लक मानू नका. वर्गात दिवसभर बोलणाऱ्या माणसाला ते रास्तच वाटणार. यांपैकी काहीच नसेल, तर मोजमाप ठेवून थांबणे हाही उपचारच आहे. कलम करणारे एम.डी.एस. (दंतशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) झालेले हिरड्यांचे तज्ज्ञ आहेत का, हे विचारायला संकोच करू नये. आणि खर्चाची अडचण असेल तर पंचवटीतील दंत महाविद्यालयातही चौकशी करावी.

खालच्या दातांत खोली 4 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त निघाली आणि रक्तही येत असेल, तर आधी पायरियाचा उपचार, म्हणजे भूल देऊन मुळांची खोल सफाई, दीड-दोन महिन्यांनी फेरतपासणी आणि पुढे दर तीन महिन्यांनी देखभाल, हा क्रम चुकवू नये. रोग चालू असलेल्या जागी कलम टिकत नाही. रक्त पातळ होण्याची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती दंतवैद्यांना सांगावी, आणि आपल्या मनाने बंद करू नये.

शेवटी आपल्या मुलीविषयी. तारांमुळे हिरड्या सरकतातच असे नाही, पण पातळ हाडाच्या बाहेर दात ढकलला गेला तर त्यापुढची हिरडी उतरू शकते, आणि खालच्या पुढच्या दातांत हा धोका सर्वांत जास्त असतो. तारा बसवण्यापूर्वी तिच्या खालच्या पुढच्या दातांची हिरडी किती जाड आहे, हे तपासून घ्या. तपासणीची सळई हिरडीच्या खाचेत घातल्यावर ती बाहेरून दिसत असेल, तर हिरडी पातळ आहे. अशा वेळी तारांचे डॉक्टर आणि हिरड्यांचे डॉक्टर यांनी मिळून ठरवावे की दात बाहेर न ढकलता काम होईल का, की आधी हिरडी जाड करून घ्यावी. तारा असताना अन्न अडकते, मुले घाईत असतात आणि हिरड्या सुजतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सफाई आणि हिरडीचा एक फोटो असे ठरवून ठेवा. आपला जुना ब्रश आणि आपली घासण्याची पद्धत मात्र तिच्याकडे जाऊ देऊ नका. पुढच्या भेटीला येताना दोघींचे ब्रश सोबत आणा आणि दंतवैद्यांसमोर दोघींनी एकदा घासून दाखवा.